मागचा ब्रेक राहणार

रा. रा. व्याहीसाहेब यांसी,

कृतानेक नमस्कार. आम्ही इकडे सगळे ठणठणीत आहोत. तुम्हीही तसेच असाल, आणि नसाल तर हे पत्र वाचून व्हाल अशी उमेद आहे. तुमचा खोकला आता बराच उतरला असेल. गेल्या खेपेला फोनवर निम्मं संभाषण त्यानेच केलं होतं, आणि खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा तो जास्त स्पष्ट ऐकू येत होता. विहीणबाईंच्या गच्चीवरच्या टोमॅटोंची खुशाली कळवावी. त्यांनी दिलेली रोपं आमच्या सौ.ने मोठ्या हौसेने लावली. वाढली मात्र झकास, पण फळाचं नाव नाही. (सौ. म्हणते माती वेगळी आहे. माझ्या मते त्यांना माहेरची सवय आहे आणि सासरी अजून संकोच वाटतो.)

पत्रास कारण की, त्याच फोनवर, विहीणबाई स्वयंपाकघरात गेल्याची खात्री करून, तुम्ही मला आवाज खाली आणून एक कामगिरी सोपवली होती. तुमची कन्या, म्हणजे आमची सूनबाई, त्या बुटक्या सायकलवरून मातीच्या उंचवट्यांवर उड्या मारत फिरते, ते मी तिला गोडीगुलाबीने समजावून बंद करावं. "ती तुमचं ऐकते," असंही तुम्ही म्हणालात. (ही बातमी तुम्हाला कोणी दिली ते कळवावं. मला अजून मिळालेली नाही.) तुमची काळजी मला समजते. तुम्ही उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलंत. गाडी दुसऱ्याच्या हातात आणि आपला जीव पायाखालच्या जादा ब्रेकवर, असा संसार करणाऱ्या माणसाला पोरीचं हवेत उडणं कसं बघवणार? मागे आमच्याकडे टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली होती तेव्हा प्रत्येक वळणाला तुमचा उजवा पाय आमच्या गालिच्यावर दाबला जात होता, ते मी पाहिलंय. तिथे अजून खळगा आहे. सौ.ने त्यावर तिपाई सरकवली आहे.

तर त्या कामगिरीचा हा अहवाल. तो जरा लांबेल. चष्म्याच्या दुकानात दिवसभर माणसांना "आता कसं दिसतंय? आणि आता?" एवढंच विचारत असल्यामुळे माझी बोलायची हौस शेवटी कागदावरच भागते.

सायकल तुम्ही फोटोत पाहिली आहे. तिला बीएमएक्स म्हणतात. प्रत्यक्षात ती फोटोपेक्षाही लहान आहे. पहिल्यांदा घरात आली तेव्हा मला वाटलं, चांगली मोठी सायकल कोणीतरी गरम पाण्यात धुतली आणि ती आटली. गिअर नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही. सीट इतकी खाली, की ती बसायला दिलेली नसून सायकलीला सीट असते असं कोणीतरी ऐकलं होतं म्हणून लावलेली. पुढच्या चाकाला ब्रेकही नाही. ब्रेक एकच, मागच्या चाकाला, आणि तोही आहे तो केवळ तुमच्यामुळे. सायकल घेतली त्या दिवशी तुम्ही फोनवरून तिच्याकडून वचन घेतलंत, की बिनब्रेकच्या सायकलवर पाय ठेवणार नाही. तुम्हाला कल्पना नसेल, पण तिच्या त्या मैदानावर बहुतेकांनी ब्रेक काढून टाकले आहेत. थांबायचं झालं तर चपलेचा, बुटाचा किंवा नशिबाचा आधार घेतात.

हे मैदान म्हणजे गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीची जागा. तिथे मातीचे उंचवटे आणि वळणं करून शर्यतीचा रस्ता बनवलाय. यंदा तिथल्या शिट्टीवाल्या गृहस्थांनी (ते शर्यत लावतात, सोडवतात आणि मधल्या वेळात सगळ्यांवर ओरडतात) सगळ्या रस्त्यावर नवी माती पसरली. ती बसलीच नाही, भुसभुशीत राहिली. सरावात दुसऱ्याच वळणावर सूनबाईंचं मागचं चाक निसटलं आणि त्या कोपरावर उतरल्या. घरी आल्या, कोपर स्वतःच धुतलं, पट्टी स्वतःच बांधली, आणि जेवताना भाजी पुढे सरकवावी तितक्या सहज म्हणाल्या, "टायर रुंद लागतील."

खरं म्हणजे तीच माझी वेळ होती. मी घसासुद्धा साफ केला. पण आमचे चिरंजीव पडले नकाशे काढणारे. त्यांनी लगेच पेन्सिल घेतली, उठून सायकलीपाशी गेले, पट्टीने काहीतरी मोजलं आणि परत येऊन निकाल दिला: मागचं चाक ज्या दोन दांड्यांच्या चिमट्यात बसतं त्यात जागा कमी आहे, त्यात ब्रेकचे दोन हात आडवे येतात. रुंद टायर बसेल किंवा ब्रेक बसेल. दोन्ही बसणार नाहीत. "मग ब्रेक काढ," असं तो म्हणाला नाही. (तुमचा जावई तुम्हाला घाबरतो हे या निमित्ताने नोंदवून ठेवतो.) सूनबाई शांतपणे घास संपवून म्हणाली, "दोन्ही बसतील." आणि माझ्या साफ केलेल्या घशाचा तेवढ्यापुरता काही उपयोग राहिला नाही.

टायर आले. इतके जाडजूड, की सौ.ला वाटलं कोणीतरी बसायला गाद्या पाठवल्या. आता सूनबाईंचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. पुढच्या खोलीत तिची कवळ्या बनवायची प्रयोगशाळा. त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांचं तातडीचं काम होतं. तिने नवा टायर चाकावर चढवला, चाक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाबा, हे तेवढं सायकलीत बसवता का? पण—" तेवढ्यात फोन वाजला आणि ती आत गेली. 'पण' बाहेरच राहिला.

मी म्हटलं, सुनेचं काम करायचं तर मनापासून करावं. म्हणून आधी टायरमध्ये हवा भरली. नुसती भरली नाही, बोट दाबलं तर बोटच मागे यावं इतकी भरली. मग चाक बसवायला घेतलं. ते ब्रेकच्या दोन रबरांच्या मधून जाईना. सरळ घातलं, तिरकं घातलं, सायकल उलटी करून वरून घातलं. साबण लावला. साबणाने एवढंच झालं की चाक हातातून निसटलं, अंगणभर फिरलं आणि सौ.च्या टोमॅटोंमध्ये जाऊन पडलं. मग सौ. मदतीला आली. मी सायकल धरली, तिने चाकावर पायाने रेटा दिला, आणि तोच रेटा चाकाऐवजी मला बसला. आम्ही दोघं अंगणात समोरासमोर बसलेलो असताना सूनबाई बाहेर आली. हसली नाही. (हा तिचा मोठेपणा. तिची सासू हसत होती.) तिने चाक उचललं, हवेच्या तोंडातली बारीक पिन नखाने दाबली, फुस्स झालं, आणि तो एवढा ताठलेला टायर मऊ होऊन रबरांच्या मधून गुपचूप आत गेला. "हेच सांगत होते बाबा, हवा नंतर भरायची." व्याहीसाहेब, हवा काढली की भलेभले जागेवर बसतात हे मी इतकी वर्षं ऐकून होतो. त्या दिवशी टायर आणि मी, दोघं एकदमच बसलो.

पण खरी गंमत पुढे. आत बसवून हवा भरली, चाक फिरवलं, तर खर्र खर्र खर्र. कुठे घासतंय ते दिसेना. मी दुकानातलं भिंग आणलं. सूनबाईने दातांच्या मागे बघायचा तो काडीवरचा चिमुकला आरसा आणला, पोटावर झोपली, टॉर्च दातात धरला आणि सायकलीची दाढ तपासावी तसं चिमट्याच्या आत सगळीकडे पाहिलं. पायडलांच्या मागे चिमट्याचे दोन दांडे जोडणारी एक आडवी पट्टी असते, तिला टायर टेकत होता. उपाय एकच, चाक खाचेत मागे सरकवायचं. सरकवलं. तर चेन तोकडी पडली.

म्हणून आम्ही दोघं वंगणशेठकडे गेलो. वंगणशेठ म्हणजे आमच्या चौकातले सायकलवाले. माणूस तरबेज, पण त्यांचा प्रत्येक सल्ला काहीतरी काढून टाकण्याचा असतो. माझ्या सायकलीची घंटी वाजत नव्हती तेव्हा त्यांनी ती काढून टाकली. त्यांनी सूनबाईंची सायकल पाहिली आणि मान हलवली.

"ताई, ब्रेक काढा. चुटकीसरशी काम होईल. तार गेली, हात गेले, जागाच जागा. वर सायकल हलकी."

"ब्रेक राहणार," सूनबाई म्हणाली.

"अहो, सगळे काढतात."

"काढू देत. मला चेनची अर्धी कडी द्या."

वंगणशेठ माझ्याकडे वळले. "तुम्ही वडीलधारे आहात. तुम्ही तरी सांगा हिला."

बघा, वेळ कशी चालून येते! दुकान रिकामं, सूनबाई समोर, तिसरा माणूस विचारतोय, विषय नेमका तोच. 'पोरी, सोड हा नाद' एवढंच मला म्हणायचं होतं, आणि तुमचं काम फत्ते होतं. मी छाती भरून श्वास घेतला आणि माझ्याच तोंडून मला ऐकू आलं, "ब्रेक राहणार." तेही जरा जास्तच जोरात, कारण शेजारच्या लाँड्रीवाल्याने बाहेर डोकावून पाहिलं. सूनबाईने माझ्याकडे असं बघितलं, की त्यानंतर फितुरी करायला माणूस दगडाचाच पाहिजे.

अर्धी कडी मिळाली. (पूर्ण कडी घातली तर चेन लोंबकळते, म्हणून अर्धी. अर्ध्या गोष्टीने पूर्ण काम होतं असं मी चष्म्याच्या धंद्यात फक्त वाचायच्या भिंगाबाबत पाहिलंय.) चेन जुळली, टायर मोकळा फिरला. पण चाक मागे गेल्यामुळे ब्रेकची रबरं आता रिमच्या जरा वर, टायरच्या कडेलाही टेकायला लागली. ती खाचेत शेवटपर्यंत खाली ओढली, तरी नखभर वर राहिली. मी म्हटलं, नखभराने काय होतंय? ती म्हणाली, नखभर घासून घासून टायर एके दिवशी उतारावर फुटेल, आणि तेव्हा ब्रेक असून नसल्यासारखा. मग तिने रबरं काढली, आपल्या टेबलावर बसली, आणि ज्या यंत्राने कवळीच्या हिरड्या घासून गुळगुळीत करते त्याच यंत्राने त्यांच्या कडा तासल्या. किती नाजूक हात! जबड्यात रुतणारी कवळी असावी तशी ती एकेक रबर तासायची, लावून बघायची, काढायची, पुन्हा तासायची. मी शेजारी उभा राहून नुसता बघत होतो. माझ्या उमेदीत मी काचा घासल्या आहेत, व्याहीसाहेब, चांगलं काम कशाला म्हणतात ते मला कळतं. जळक्या रबराचा वास घरभर पसरला, काळी भुकटी उडाली, आणि शेजारी वाळत ठेवलेली कोणाची तरी कवळी काळीठिक्कर होऊन आमच्याकडे बघून हसत बसली. सौ. चहा घेऊन आली आणि ती कवळी पाहून चहा घेऊनच परत गेली.

ब्रेकची परीक्षा मी घेतली. सूनबाईंचे दोन्ही हात साच्याच्या प्लास्टरमध्ये होते, "थांबा बाबा, हात धुऊन आले," असं ती म्हणालीही होती, पण मला थांबायचंच तर होतं, त्यासाठी आधी निघायला नको का? आमच्या गल्लीला उतार आहे. मी निघालो. गुडघे कानाला लागत होते, पण चाल अशी मखमली, की मला तारुण्य आठवलं, आणि तारुण्यात ठोकायचो तशीच मी मोठ्याने आरोळी ठोकली. उताराच्या टोकाला शेजाऱ्यांनी दारापुढची पायरी नुकतीच नव्या सिमेंटने लिंपली होती. ती दिसताच मी ब्रेक दाबला. काय ब्रेक, व्याहीसाहेब! सायकल जागच्या जागी थांबली. मी हँडलवर थांबलो. आरोळीसाठी उघडलेल्या तोंडातली वरची कवळी मात्र थांबली नाही. ती पुढे गेली आणि ओल्या सिमेंटमध्ये चावा घेऊन बसली. सूनबाई धावत आली. तिने आधी ब्रेक पाहिला, मग कवळी पाहिली, मग मला. (हा क्रम मी मनात ठेवलेला नाही, फक्त लिहून ठेवतोय.) शेजारी म्हणाले पुन्हा लिंपून घेतो. पण त्यांच्या आईंना तो ठसा आवडला. तो आता तसाच राहणार आहे, आणि येणारे-जाणारे मला विचारून खात्री करून घेतात.

आता शर्यत. बायकांच्या शर्यतीत पोहणं शिकवणाऱ्या बाई होत्या, जनावरांच्या डॉक्टर होत्या, बँकेतल्या कॅशियर होत्या, आणखीही काही जणी होत्या. मी आणि सौ. दोरीला चिकटून उभे होतो, चिरंजीव आमच्यामागे डोळे झाकून. शिट्टी झाली. त्या भुसभुशीत मातीत बाकीच्यांची चाकं भाजीत डाव फिरावा तशी फिरत होती, आणि आमचे रुंद टायर जमीन धरून चालले होते. एकेक वळण, एकेक बाई मागे. उंचवट्यावरून ती उडाली तेव्हा सौ.ने माझा दंड असा धरला की अजून हिरवा आहे. शेवटच्या वळणाला पुढे फक्त कॅशियरबाई, आणि सूनबाई त्यांच्या पाठीशी. त्याच क्षणी कॅशियरबाईंचं चाक निसटलं. हँडल तोंडावर आदळलं आणि त्या आडव्या पडल्या, डोकं थेट आपल्या पोरीच्या चाकासमोर.

मी काय सांगू? मी माझा उजवा पाय मातीत दाबला. पूर्ण ताकदीने. तुमचं आयुष्यभराचं दुखणं मला त्या एका घटकेत कळलं.

तिने ब्रेक दाबला होता. मागचं चाक मातीत नांगरासारखं रुतत गेलं आणि सायकल थांबली. पुढचा टायर आणि कॅशियरबाईंचं हेल्मेट यांच्यामध्ये बोटभर जागा होती. मागून येणाऱ्या बिनब्रेकवाल्या बुटांनी माती उडवत बाजूच्या बांधावर चढल्या. त्या तिथून पुढे निघून शर्यत जिंकू लागल्या, आणि आपल्या सूनबाईंनी सायकल टाकली, गुडघ्यावर बसल्या, आणि पहिला प्रश्न विचारला, "दात सगळे आहेत का?"

एक नव्हता, पुढचा. "कोणी पाय हलवू नका!" असं ती अशी ओरडली की शिट्टीवाल्यांची शिट्टी तोंडातच राहिली आणि दोरीच्या आत धावलेली सगळी माणसं पुतळ्यासारखी उभी राहिली. काही एका पायावर. ती मातीत रांगत होती. दात सापडला. तो तिने मुळाला बोट न लावता वरच्या टोकाने धरला आणि म्हणाली, "दूध! थंड दूध!" चहाच्या टपरीवाल्याने पेलाभर आणून दिलं. दात दुधात (निखळलेला दात त्यात थोडा वेळ तग धरतो, हे मला नंतर कळलं), पेला जनावरांच्या डॉक्टरांच्या हातात, आणि कॅशियरबाई त्यांच्या गाडीतून थेट दवाखान्यात. (डॉक्टरबाई वाटेत म्हणत होत्या म्हणे, की मी दुधाच्या इतक्या जवळ रोजच असते, पण असं कधी नाही.) कालच कळलं, दात पुन्हा बसवलाय आणि त्याने मूळ धरलंय.

सगळं शांत झाल्यावर शिट्टीवाले म्हणाले, "ताई, तुमची शर्यत राहिली आहे." तिने सायकल उचलली, माती झटकली, आणि उरलेला रस्ता एकटीने पुरा केला. शेवटची आली. लोक उभे होते. कोणी टाळ्या थांबवेना. चिरंजीवांनी तेव्हा कुठे डोळे उघडले आणि विचारलं, "जिंकली का?" सौ. म्हणाली, "तर काय!" आणि पदराने डोळे पुसले.

व्याहीसाहेब, तुमच्या लेकीचं मला फार कौतुक वाटतं. समोर बोललो तर ती म्हणते, "बाबा, तो पाना द्या," आणि विषय संपवते. म्हणून तुम्हाला लिहिलं.

विहीणबाईंना आमचा दोघांचा नमस्कार.

आपला,
व्याही (चष्मेवाला)

ता. क. तुम्ही दिलेली कामगिरी मी टाळली असा गैरसमज नसावा. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी मी तिला स्पष्ट सांगितलं, की तुझे पप्पा म्हणतात हे आता पुरे. ती म्हणाली, "त्यांनी कधी पाहिलंच नाहीये ना मला चालवताना."  याचं उत्तर तुमच्याकडे असलं तर घेऊन या. पत्राने पाठवू नका.

ता. क. २. तुमच्या येण्याला निमित्त हवं म्हणून लिहितो. पुढच्या शर्यतीत साठीच्या पुढच्या पुरुषांचा एक गट ठेवलाय. शिट्टीवाले म्हणतात, किमान दोन स्पर्धक असल्याशिवाय गट भरणार नाही. एक मी आहे. आमच्या वयाचा, बऱ्या अवस्थेतला दुसरा माणूस अख्ख्या गावात मिळेना, तेव्हा तुमचं नाव दिलंय. सैल विजार आणू नये, चेनमध्ये अडकते.

ता. क. ३. विहीणबाईंना हे कसं सांगायचं याची काळजी करू नका. नाव देण्याआधी मी त्यांनाच फोन केला होता. तुम्ही आंघोळीला गेला होतात. मी भीत भीत विचारलं, व्याह्यांना राग तर येणार नाही ना? त्या म्हणाल्या, "बिनधास्त द्या नाव. फक्त एवढं बघा, की ते हरतील. जिंकले तर मला इथे वर्षभर ऐकावं लागेल."